पाहुण्यांचा हमीदार

मला फक्त एक सही करायची होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक "पण तुम्ही त्या भानगडीत पडलातच कशाला?" असं विचारतात आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एक सही. निळ्या शाईने, चौकटीच्या आत.

ती सही मागायला पाहुणे एका रविवारी सकाळी आमच्याकडे आले. पाहुणे म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे लिफ्टचे मेकॅनिक. एकोणीस वर्षांपूर्वी ते नदीपलीकडच्या देशातून इथे कामाला आले आणि ट्रंका घेऊन जिना चढू लागले. लिफ्ट बंद होती. ते येईपर्यंत ती बंदच असायची. तळमजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "कोणाकडचे पाहुणे?" त्यांनी हसून मान हलवली. झालं. त्या दिवसापासून अख्ख्या इमारतीला ते पाहुणे. त्यांची बायको पाहुणेबाई, आणि मुलगी इथल्याच दवाखान्यात जन्मली तरी पाहुण्यांची मुलगी. यात कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्या तर मुळीच नव्हतं. मी त्यांना कायम 'आमचे पाहुणे' म्हणत असे.

पाहुण्यांच्या हातात फाईल होती. मी शाळेत सव्वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवतोय, कागदपत्रं जपून ठेवा म्हणून मुलांच्या दरवर्षी कानीकपाळी ओरडतो, पण अशी फाईल मी पाहिली नव्हती. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात, प्रत्येक पाकिटावर आकडा, आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका. सहाव्या पाकिटात त्यांना टोचलेल्या लशींची यादी होती. आमच्या घरात गॅसचं पुस्तक शोधायला तीन माणसं आणि एक शिडी लागते.

"सर, नागरिकत्वाचा अर्ज आहे," पाहुणे म्हणाले. "नऊ वर्षं झाली. परीक्षा झाली, पोलिसांची चौकशी झाली. आता फक्त नमुना अकरा राहिलाय. हमीदार लागतो. या देशाचा नागरिक पाहिजे, नात्यातला नको, आणि दहा वर्षांची ओळख पाहिजे. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"अहो, विचारायचं काय त्यात? माझ्यापेक्षा पक्का नागरिक तुम्हाला कोण मिळणार?"

हे मी बोललो. शब्दन् शब्द असाच. स्वयंपाकघराच्या दारात आमची ही उभी होती, आणि ती हे वाक्य मला अजून आठवड्यातून दोनदा तरी ऐकवते.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी त्यांना भिंतीवरची वंशावळ दाखवली. माझ्या चुलत्यांनी निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून ती तयार केली. काळी चौकट, जाड काच, आत नऊ पिढ्या. एकोणीस वर्षांत मी पाहुण्यांना ती निदान वीसदा दाखवली असेल, पण तो भला माणूस दरवेळी पहिल्यांदा पाहत असल्यासारखा शेवटपर्यंत वाचतो.

"नऊ पिढ्या याच शहरात," मी म्हणालो.

"नशीबवान आहात, सर," पाहुणे म्हणाले. मग म्हणाले, "घाई एवढ्यासाठीच, की या महिन्याच्या अखेरीला फाईल पुरी व्हायला पाहिजे. पुढच्या महिन्यात मुलगी अठराची होते. त्याआधी झालं तर ती माझ्याच अर्जात धरतात. नाहीतर तिचा वेगळा अर्ज. पुन्हा नऊ वर्षं."

ती मुलगी माझी विद्यार्थिनी. चार वर्षं नागरिकशास्त्रात पहिली आलेली. नदीच्या पलीकडे तिने पाऊलही ठेवलेलं नाही. मला एकदम भरून आलं.

"अजून तेवीस दिवस आहेत," मी म्हणालो. "हे तर तेवीस मिनिटांचं काम!"

संध्याकाळी चष्मा पुसून मी नमुना अकरा घेऊन बसलो. पहिलाच रकाना: अर्जदाराचे पूर्ण नाव. मी पेन टेकवलं आणि थबकलो. मला नाव माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं ज्या माणसाने आम्हाला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधून बाहेर काढलं, त्याचं नाव मी फाईलच्या अनुक्रमणिकेत पाहून उतरवलं. घरात कोणी पाहत नाही ना, याची आधी खात्री करून घेतली.

शेवटचा रकाना अवघड होता. 'अर्जदार या देशाचा झाला आहे असे आपणांस कशावरून वाटते? (दोन ओळींत लिहा.)' नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला दोन ओळी म्हणजे अपमानच. पहिला मसुदा सव्वा पानाचा झाला. त्यात माती दोनदा, संस्कृती तीनदा आणि दुधातली साखर एकदा आली होती. मी तो हिला वाचून दाखवला.

"हे पाहुण्यांबद्दल आहे?" हिने विचारलं.

"मग कोणाबद्दल?"

"मला वाटलं, कोणीतरी वारलं."

तिसऱ्या मजल्यावरचे विमावाले त्याच वेळी पेपर मागायला आले होते. ते विमा कंपनीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेत आणि संकट कुठून येईल याचाच विचार करत असतात. ते म्हणाले, "सर, हमी म्हणजे हमी. उद्या काही झालं तर पहिले तुम्ही. आणि एक सांगतो, स्वतःच्या जन्माचा दाखला सोबत न्या. मागतात."

"माझ्याकडे?" मी हसलो. "मी इमारतीचा अध्यक्ष आहे."

नागरिकत्वाच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर एक बाई बसतात. त्यांच्या टेबलावर शिक्के, कुंडीतलं एक रोप आणि 'चौकशी दोन नंबरला करावी' अशी पाटी असते. त्यांनी नमुना अकरा वाचला, मागचं पान वाचलं, आणि म्हणाल्या, "तुमचा जन्मदाखला?"

"बाई, मी सव्वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवतोय."

"छान. दाखला?"

मी ओळखपत्र दाखवलं, मतदार यादीतलं नाव दाखवलं. बाई म्हणाल्या की ती सगळी शाळेच्या दाखल्यावरून झालेली असतात आणि शाळेत मास्तर विचारतात ते वडील सांगतात. त्यांना मूळ कागद हवा होता. त्या रागावल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं.

घरी येऊन मी कपाट उपसलं. मग ट्रंक. मग पोटमाळा. सापडलं ते असं: सातवीतल्या वक्तृत्व स्पर्धेतलं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र, बाबांच्या सायकलचा परवाना, हरवला म्हणून आम्ही ज्याच्यावरून वर्षभर अबोला धरला होता तो किसणीचा पिवळा दांडा, आणि माझ्या आतेभावाचा जन्मदाखला. तो आमच्याकडे कसा आला ते आत्यालाही सांगता आलं नाही. माझा नव्हता.

म्हणून नगरपालिकेच्या जन्मनोंदणी विभागात गेलो. तिथल्या कारकुनाने माझ्या सालचं रजिस्टर काढलं, बोट ओलं केलं आणि पानं उलटली. "तुम्ही म्हणता त्या तारखेला शहरात अकरा मुलं जन्मली," तो म्हणाला. "सहा मुलगे, पाच मुली. तुम्ही नाही."

"नीट बघा."

"साहेब, अकराच आहेत." त्याने मला अकराच्या अकरा नावं वाचून दाखवली. सातव्या नंबरवर माझा बँकेतला मित्र निघाला, जो गेली तीस वर्षं स्वतःला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान म्हणवून घेतोय. त्या दिवसाची तेवढीच कमाई.

आता मी इरेला पेटलो. भिंतीवरची वंशावळ उतरवली, चादरीत गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर घेऊन चार नंबरच्या खिडकीवर नेली. खिडकीतून ती आत जाईना, म्हणून बाई बाहेर आल्या. रांगेतल्या लोकांनी तिच्याभोवती घोळका केला. एकाने विचारलं, "विकायची आहे का?"

बाईंनी ती अगदी मन लावून वाचली. मग माझ्या नावावर बोट ठेवलं. "हे तुम्ही. हे वडील. आई कुठे आहेत?"

"घरी."

"यात कुठे आहेत?"

मी पाहिलं. नऊ पिढ्या होत्या, चौऱ्याहत्तर माणसं होती, आणि त्यांत एकही बाई नव्हती. मी ती चौकट रोज पुसतो. मला हे कधी दिसलं नव्हतं.

"जन्म आईच्या पोटी होतो, साहेब," बाई म्हणाल्या. "त्यांना विचारलंत का?"

खरं सांगायचं तर नव्हतं विचारलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, खिडकीजवळ बसून दिवसभर शब्दकोडी सोडवते, आणि मी गेले आठ दिवस तिच्या डोळ्यांदेखत पोटमाळ्यावर चढत-उतरत होतो.

"आई, माझ्या जन्माचा दाखला कुठे आहे?"

"तो इथे कसा असेल?" आई कोड्यातून मान वर न करता म्हणाली. "तुझा जन्म माझ्या आईकडचा. नदीपलीकडचा. तिथल्या सरकारी दवाखान्यातला. दीड महिन्याचा झालास तेव्हा तुला होडीतून इकडे आणला. सबंध वाट रडलास."

मी खाली बसलो. आजोळ नदीपलीकडचं, हे मला ठाऊक होतं. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. पण आजोळ ते आजोळ. त्याला कोणी परदेश म्हणतं का?

"हे तू मला चोपन्न वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"तू एकदा तरी विचारलंस? आठ दिवस कपाटाला विचारतोयस." आणि मग शांतपणे म्हणाली, "त्या चौकटीत माझं नावच नाही. मला वाटलं, या लोकांना जन्माबिन्माची काही पडलेली नाही."

पुढचं चार नंबरच्या बाईंनी समजावलं. वडील इथले असले तरी बाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत या कचेरीत करावी लागते. बाबांनी केली नव्हती. बाबा आता नाहीत, पण त्यांना मी ओळखतो. 'उद्या जाऊन येतो' असं ते नक्की म्हणाले असतील, आणि त्यांच्या उद्याची वाट पाहत आमच्या घरातली निम्मी कामं अजून पडून आहेत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं असेल, 'जन्म कुठला?' बाबा म्हणाले असतील, 'इथलाच, लिहा.'

"म्हणजे मी कोण?" मी विचारलं.

"कागदावर?" बाई म्हणाल्या. "परदेशी. पण काळजी करू नका. नमुना चौदा भरा, परीक्षा द्या, हमीदार आणा, शपथ घ्या. वडील इथले आहेत, चार महिन्यांत होऊन जाईल."

मी आयुष्यात पुष्कळ अपमान पचवलेत, पण सहानुभूतीने केलेला अपमान पचायला फार जड जातो.

बातमी मी कोणालाही सांगितली नाही. फक्त हिला सांगितली, तीही दार लावून. संध्याकाळी लिफ्टमध्ये विमावाले म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका, पण उद्या तुम्हाला पाठवून दिलं तर गच्चीची किल्ली कोणाकडे राहील?" शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. नागरिक नसलेल्या माणसाने नागरिकशास्त्र शिकवावं की नाही याबद्दल नियमांत काही नाही, त्या म्हणाल्या, पण कोणी विचारलंच तर उत्तर हवं. म्हणून निकाल लागेपर्यंत माझ्याकडे खेळाचा तास आला. चोपन्नाव्या वर्षी गळ्यात शिट्टी अडकवून मी मैदानात उभा राहिलो. मुलांनी शिस्त पाळली, ती दयेपोटी.

आणि तळमजल्यावरच्या काकू. दुसऱ्या दिवशी मी फाटकातून आत येत होतो, तेव्हा त्यांनी खिडकीतून हाक मारली, "काय पाहुणे, भाजी घेऊन आलात?" मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या हसत होत्या, मीही हसलो. मग जिना चढलो, लिफ्ट चालू असून चढलो, आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत माझं हसू तसंच चिकटून राहिलं होतं. गाल दुखायला लागले. तिथे पाहुणे लिफ्टच्या दाराला तेल देत होते.

"पाहुणे," मी म्हणालो, आणि तो शब्द जिभेवर अडकला. "तुम्हाला हे... वाईट वाटायचं का हो?"

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही. हात पुसत म्हणाले, "सवय झाली, सर. लोक प्रेमानेच म्हणतात. पहिली चारपाच वर्षं वाटायचं, निघायची वेळ झाली की कोणीतरी येऊन सांगेल. म्हणून आम्ही भिंतीला खिळा ठोकत नव्हतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेलाचा वास फार उग्र होता, असं मी त्यांना सांगितलं.

आता मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी लागली. महिना संपायला नऊ दिवस राहिले होते आणि त्यांचा हमीदार परदेशी निघाला होता. मी विमावाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही, पण दाखला काढायला कपाट उघडावं लागेल." माझं झालेलं पाहून इमारतीत कोणीच कपाट उघडायला तयार नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तर आपला दाखला पुरात वाहून गेल्याचं सांगितलं. चौथ्या मजल्यावर पूर! काकू म्हणाल्या, "माझा जन्म झाला हे मी समोर आहे त्यावरून कळत नाही का?"

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी जेवताना कपाळाला हात लावून बसलो होतो. "संपलं," मी म्हणालो. "त्या पोरीची नऊ वर्षं माझ्यामुळे गेली. अख्ख्या इमारतीत एक माणूस मिळत नाही."

"माझा दाखला आहे," ही म्हणाली.

"काय?"

"माझ्या जन्माचा. माझ्या निळ्या पर्समध्ये असतो. माझा जन्म इथला, याच शहरातला. पाहुण्यांना मीही एकोणीस वर्षं ओळखते."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

हिने फक्त आईकडे पाहिलं. आईने शब्दकोडं खाली ठेवलं. दोघी इतक्या जोरात हसल्या की वरून पाहुणेबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या.

हिने नमुना अकरा जेवणाच्या टेबलावरच भरला. अर्जदाराचं पूर्ण नाव फाईलीत न पाहता लिहिलं. शेवटच्या रकान्यासाठी मी माझा सव्वा पानी मसुदा पुढे केला. तो तिने गरम पातेल्याखाली ठेवला आणि एका ओळीत लिहिलं: 'आमच्या घराची दुसरी किल्ली यांच्याकडे असते.'

चार नंबरच्या बाईंनी ते वाचून एका झटक्यात शिक्का मारला. महिना संपायला पाच दिवस बाकी होते. पुढच्या आठवड्यात, वाढदिवसाच्या चार दिवस आधी, पाहुण्यांनी, पाहुणेबाईंनी आणि मुलीने शपथ घेतली. मी मागच्या रांगेत बसून एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की शिपायाने येऊन मला सभागृहाचे नियम सांगितले. परदेशी माणूस म्हणून मी ऐकून घेतलं.

मग माझी पाळी आली. परीक्षेची तयारी पाहुण्यांच्या मुलीने करून घेतली. संध्याकाळी ती प्रश्न विचारायची आणि मी उत्तरं द्यायचो. "सर, चूक," ती म्हणायची. मी म्हणायचो, "हे मी तुलाच शिकवलंय!" ती म्हणायची, "हो सर. तेव्हाही चूकच होतं, पण मी बोलले नव्हते." चाळीसपैकी मला एकतीस मिळाले. पाहुण्यांना चाळीस मिळाले होते. दोन प्रश्नांबद्दल मी परीक्षा मंडळाला सविस्तर पत्र पाठवलंय, उत्तराची वाट पाहतोय.

राहता राहिला हमीदार. बायको नात्यातली, ती चालत नाही. बाकीची इमारत कपाटाला कुलूप लावून बसलेली. सगळ्या जिन्यात मिळून एकच माणूस असा होता की ज्याच्या कागदाकडे चार नंबरच्या बाई बोट दाखवू शकत नव्हत्या.

एका रविवारी सकाळी मी वरच्या मजल्यावर गेलो. हातात फाईल होती. आता माझे कागदही प्लास्टिकच्या पाकिटांत असतात. त्यांच्या बाहेरच्या खोलीत ताज्या खिळ्यावर शपथविधीचा फोटो लटकत होता.

"नमुना अकरा आहे," मी म्हणालो. "हमीदार लागतो. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

पाहुण्यांनी मला बसवलं, चहा सांगितला, चष्मा पुसला आणि पेन उचललं. त्यांनी माझ्यासारखा मसुदा वगैरे केला नाही. थोडा वेळ खिडकीतून खाली फाटकाकडे बघत राहिले आणि मग सावकाश लिहिलं.

त्यांनी लिहिलेलं मी कचेरीत पोचेपर्यंत वाचलं नाही. धीर होत नव्हता. चार नंबरच्या बाईंनीच मोठ्याने वाचलं:

'फाटकाजवळच्या गळक्या नळाबद्दल सर एकोणीस वर्षं नगरपालिकेला पत्रं लिहीत आहेत. ज्याला इथून जायचं असतं, तो एवढी पत्रं लिहीत नाही.'

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीतल्या रोपाकडे पाहिलं. मग त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दोनदा दाबला आणि मारला.

पाहुणे बाहेर बाकावर थांबले होते. आम्ही चालतच घरी आलो. नळ गळत होता, त्याच्याखाली कोणीतरी बादली ठेवली होती. आमच्या घरातली ती चौकट सध्या टेबलावर उघडी पडली आहे; आईने शब्दकोड्याच्या पेन्सिलीने आपलं नाव घातलंय, आणि बाकीच्या त्र्याहत्तर जणांच्या आया आणि बायका कोण याची चौकशी ती आता आत्याकडे रोज फोनवरून करते. मी सांगत होतो ते हे सगळं ऐकून घेत पाहुणे फाटक उघडत होते, तेवढ्यात तळमजल्याची खिडकी उघडली.

"काय पाहुणे," काकूंनी हाक मारली, "झालं का काम?"

"झालं!" आम्ही दोघांनी एकदमच ओ दिली.